लास वेगासची पैसेवारी

मी नोकरीला लागलो तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यातला तलाठी होतो. आता जिल्हा धाराशिव झाला आणि तलाठ्याला ग्राम महसूल अधिकारी म्हणतात. ज्या जिल्ह्यात, ज्या पदावर हयात घालवली, ती दोन्ही नावं आता जुन्या दप्तरातच सापडतात. जुन्या नावानिशी टिकून राहिली ती एकटी उस्मानाबादी शेळी. तिचा ठराव करायचं कुणाच्या लक्षात आलं नसावं.

जुगाराशी माझा संबंध यायचा तो पंच म्हणून. तिर्रटवर छापा पडला की पोलिसांना पंच लागायचे आणि सरकारी माणूस म्हणून मला निरोप यायचा. त्या पंचनाम्याचा मजकूर मला अजून पाठ आहे: पत्ते ५२, रोख अमुक रुपये, जुनी सतरंजी एक, आरोपी ५. जागेवर चपलांचे जोड मात्र ९ असायचे. एकदा दुसरा पंच अनवाणीच आला होता. मी काही विचारलं नाही.

असा हा माणूस आयुष्याच्या संध्याकाळी लास वेगासला गेला, त्याला कारण आमचे चिरंजीव. ते फिनिक्सला असतात. आम्ही दोघं तिकडं जाऊन महिना झाला, तेव्हा एक दिवस म्हणाले, "आण्णा, चार दिवस वेगासला जाऊ. रिसॉर्टमध्ये राहू, तुम्हाला कॅसिनो दाखवतो, मी थोडं गोल्फ खेळतो." कॅसिनो म्हटल्यावर मी बायकोकडं बघितलं. तिनं विचारलं, "तिथं छापा पडतो का?" पडत नाही म्हटल्यावर ती बॅग भरायला उठली.

जाताना पाच तास नुसतं वाळवंट. मी सवयीनं खिडकीतून पैसेवारी काढत होतो आणि ती शून्याच्या वर सरकत नव्हती. त्या गावाला वर्षाला पाऊस पडतो शंभरेक मिलिमीटर. आमच्याकडं सरासरीच्या निम्मा पडला आणि आम्ही टँकरचे अर्ज लिहायला बसलो, तरी तो याच्या तिप्पट भरतो. अशा ठिकाणी १९०५ साली रेल्वे कंपनीनं जमिनीचे तुकडे पाडून लिलाव केला आणि शहर वसवलं. म्हणजे मुळात हे एनए प्लॉटिंग. १९३१ साली नेवाडा राज्यानं जुगार कायदेशीर केला आणि त्याच वर्षी जवळच हूव्हर धरणाचं काम सुरू झालं. आधी पाणी की आधी पत्ते, असा प्रश्नच त्यांना पडला नाही. दोन्ही कामं एकदमच हाती घेतली. आपल्या राज्यानंही १९७६ साली कॅसिनोचा कायदा केला होता. तो एक दिवसही लागू झाला नाही आणि २०२३ मध्ये रद्द झाला. महसूल खात्यात जन्म काढलेल्या माणसाला यात काही नवल वाटत नाही.

पहिल्या रात्री मुलानं बेलाजिओ हॉटेलसमोरचं तळं दाखवलं. साडेआठ एकर पाणी आणि गाण्याच्या तालावर नाचणारे हजारावर फवारे. लोक फोटो काढत होते. मी विचारलं, "पाणी कुठलं?" मुलानं फोनमध्ये शोधलं. पूर्वी त्या जागी ड्यून्स नावाचं हॉटेल होतं, त्याचं गोल्फचं मैदान होतं आणि त्या मैदानासाठी पाडलेल्या विहिरीचं पाणी आता तळ्याला येतं. मला एकदम घरी आल्यासारखं वाटलं. हॉटेल गेलं, मैदान गेलं, मालक बदलले, पण सातबाऱ्याच्या इतर हक्कातली बोअर तेवढी राहिली.

दुसऱ्या दिवशी आम्ही शहराच्या जुन्या भागात, म्हणजे मूळ गावठाणात, एका कॅसिनोत शिरलो. आत खिडकी नाही, घड्याळ नाही. उजेड असा की दुपार आहे की मध्यरात्र हे कळू नये. मुलानं शंभर डॉलर मोडून पाच-पाच डॉलरची वीस टोकनं माझ्या ओंजळीत दिली. समोर रुलेटचं चाक फिरत होतं. बायको त्याच्याकडं एकटक बघत राहिली आणि तिनं हातच जोडले.

तुळजापूरला ज्यांनी चिंतामणीला हात लावलाय त्यांना वेगळं सांगायला नको. देवळातला तो गोल दगड. दोन्ही हात ठेवायचे, मनात प्रश्न धरायचा. उजवीकडं वळला तर हो, डावीकडं वळला तर नाही, जागचा हलला नाही तर उशीर आहे. शिवाजी महाराज मोहिमेआधी त्यालाच कौल लावायचे, असं आमच्याकडं सांगतात. बायको थोडा वेळ चाक बघत थांबली आणि म्हणाली, "आवं, ह्यो डावीकडंच फिरतोय की सारखा. ह्याचं उत्तर नाहीच हाय. चला." आणि ती खुर्ची शोधायला निघून गेली.

मी मात्र बसलो, कारण मला हिशेब लागला होता. चाकावर घरं ३८: १ ते ३६, एक शून्य आणि एक दुहेरी शून्य. आकडा लागला तर एकाला पस्तीस. सगळ्या घरांवर एकेक रुपया ठेवला तर ३८ गेले; लागलेल्या घराचे ३५ आणि तिथला आपला १, असे ३६ परत आले. छत्तीस भागिले अडतीस. रुपयाला चौऱ्याण्णव पैसे आणि वर थोडं.

चौऱ्याण्णव पैसे पैसेवारी! माझ्या उभ्या नोकरीत एवढी पैसेवारी मी कुठल्याच गावाची लिहिली नाही. ज्यांचा या खात्याशी संबंध आला नाही त्यांच्यासाठी सांगतो: गावात पीक किती आलं ते रुपयात किती पैसे, अशा हिशेबानं मोजतात. आधी नजर पैसेवारी, मग सुधारित, शेवटी अंतिम. ५० पैशांच्या आत निघाली की दुष्काळी सवलती: शेतसाऱ्यात सूट, वीजबिलात सवलत, पोरांची परीक्षा फी माफ. त्यामुळं आमच्याकडं आकडा कमी यावा म्हणून नवस होतात. एका वर्षी माझ्या सज्जातल्या एका गावाची अंतिम पैसेवारी ५१ निघाली. समितीनं काढलेली, माझी सही असलेली. एका पैशानं अख्खं गाव सुकाळी ठरलं. त्या गावचे एक तात्या, शेळ्यांचा कळप राखणारे, त्यानंतर वर्षभर मला बघून रस्ता बदलायचे. पुढं बोलायला लागले, पण विषय दोघांनीही काढला नाही.

तर माझी नजर पैसेवारी पहिल्या दहा मिनिटांत दोनशे चाळीसवर गेली, कारण १७ वर ठेवलेलं टोकन लागलं. सतरा माझा सेवाज्येष्ठता क्रमांक. मुलगा टाळ्या वाजवायला लागला, शेजारच्या अनोळखी बाईनं पाठीवर थाप मारली. सुधारित पैसेवारी अर्ध्या तासानं साठवर आली. अंतिम पैसेवारी बायको खुर्चीत डुलकी काढून परत आली तेव्हा जाहीर झाली. ती माझ्या हातांकडं बघून म्हणाली, "मी सांगितलं होतं, डावीकडं फिरतोय."

तिसऱ्या दिवशी पहाटे गोल्फ. इथं मला धक्का बसला तो कॅसिनोपेक्षा मोठा. चारी बाजूंनी करड्या दगडांचे डोंगर आणि मध्ये एवढं हिरवंगार, कोवळं, लुसलुशीत गवत, की माझ्यातला शेतकरी गलबलला. आणि त्यावर एक जनावर नाही! माणसं काठ्या घेऊन हिंडतायत, पण हाकायला काहीच नाही. मुलानं सांगितलं, स्पॅनिशमध्ये लास वेगास म्हणजे कुरणं. पूर्वी इथं झऱ्याच्या पाण्यावर गवत उगवायचं. म्हणजे गावाचं नावच गायरान आणि गायरानावर शहराचं अतिक्रमण! हा खेळ रुजला स्कॉटलंडच्या समुद्रकाठी, मेंढ्यांनी खुडून बारीक केलेल्या गवतावर. मेंढ्या गेल्या, माणसं उरली. आता याच शहरात पाणी वाचवायला लोकांना अंगणातलं गवत उपटायचे पैसे मिळतात. चौरस फुटाला इतके, असा दर आहे. मी म्हटलं, "चार उस्मानाबादी शेळ्या आणल्या असत्या तर फुकटात काम झालं असतं."

मैदान मात्र कागदोपत्री चोख. मध्येमध्ये वाळूचे खड्डे, तो पोटखराबा. कडेला हद्दीच्या पांढऱ्या खुंट्या, एकूण एक जागेवर. तलाठ्याच्या डोळ्यांत पाणी आणणारं दृश्य होतं ते. कुणी रात्रीतून खुंटी सरकवलेली नाही, कुणी बांध कोरलेला नाही. मी मुलाला म्हटलं, हा खेळ म्हणजे गोट्याच की. अठरा गली, फक्त वाकायला नको म्हणून काठी दिलीय.

"आण्णा, मारून बघा." मी मारला. भला मोठा ढेकूळ उडाला, चेंडू होता तिथंच. दुसऱ्यांदा मारला, दुसरी नांगरट झाली. पहिली गल गाठायला मला चौदा फटके लागले. मुलगा म्हणाला, "यात ज्याचा आकडा सगळ्यात कमी, तो जिंकतो." मी काठी टेकून उभा राहिलो. कमी आकडा आला की आनंद व्हावा, असा खेळ जगात आपल्या एकट्यापाशीच आहे, असं मला इतकी वर्षं वाटत होतं.

तेवढ्यात खिशातला फोन वाजला. इथं सकाळचे सात, गावाकडं संध्याकाळचे साडेसात. तात्याच होते. नजर पैसेवारी लागली होती आणि आकडा नवीन माणसानं बरोबर काढलाय का, हे त्यांना जुन्या माणसाकडून ऐकायचं होतं. मी आकडा ऐकला, बरोबर वाटतोय म्हटलं. मग त्यांनी विचारलं, "तुमी कुटं हायसा, भाऊसाहेब?" मी सगळं सांगितलं. गवत सांगितलं तेव्हा ते आधी गप्प झाले. "एवढ्यात शेळ्या किती बसत्याल?" मी अंदाज केला, "दीडशे तर सहज." "आन् एकबी न्हाई?" "एकही नाही." त्यांनी चुकचुक केलं. मग रुलेटचा हिशेब सांगितला, छत्तीस भागिले अडतीस.

"म्हंजी तितली पैसेवारी किती निघाली म्हणायची?"

"कागदावर चौऱ्याण्णव."

"आन् हातात?"

"हातात काही नाही, तात्या. शून्य."

पलीकडं एक शेळी ओरडली, मग दुसरी. तात्या शांतपणे म्हणाले, "आमचीबी तवा तशीच काढली हुती तुमी."