पांदण नांगरणाऱ्या भाऊंस खुले पत्र

भाऊ,



तहसील कार्यालयाच्या पायऱ्यांवर तुम्ही मला चारचौघांत विचारलंत, "कुठं आहे तुमची पांदण? माती ती माती!" तेव्हा मी गप्प बसलो. आज उत्तर देतो, आणि सगळ्या गावाला वाचता यावं म्हणून उघड देतो.

मातीची वाट कशी होते, हे मला एका ग्रीक शब्दानं शिकवलं. विनोबांचं 'ख्रिस्तधर्म-सार' वाचता वाचता मी नव्या कराराकडे वळलो. तो मूळ ग्रीक भाषेतला. मार्कच्या शुभवर्तमानाच्या आरंभीच प्रभूसाठी वाटा सरळ करा, असा पुकारा आहे. तिथं वाटेसाठी दोन शब्द येतात. पहिला 'होडॉस': म्हणजे रस्ता, प्रवास आणि जगण्याची रीतही. येशूच्या अनुयायांना ख्रिस्ती हे नाव पडण्याआधी त्यांच्या पंथाला नुसतं 'होडॉस', म्हणजे 'मार्ग', म्हणत. दुसरा शब्द 'त्रिबॉस'. तो 'घासणे' या क्रियापदातून आला. पायांनी घासून घासून झालेली वाट.

म्हणजे आपली मळलेली वाट, भाऊ! खळ्यात बैलांचे पाय फिरून मळणी होते, तशी पिढ्यान् पिढ्यांच्या पावलांनी वाट मळते. जो जो तिच्यावरून चालला त्यानं ती थोडी थोडी घडवली, म्हणून ती कुणा एकाची होत नाही. तुमचे आजोबाही त्याच पांदणीनं बंडी हाकत गेले. तुम्ही माझी वाट मोडली, तशी त्यांचीही मोडली.

आणि किती सहज मोडलीत! एका रात्रीत रोटाव्हेटर फिरवला, धुरा सरकवला, तोंडाशी बोराटीची काटी लावली आणि सकाळी कपाळाला गंध लावून देवळात आलात. देवापुढे हात जोडताना मागं कुणाकुणाचा रस्ता बंद झाला, याची आठवण झाली का?

त्यानंतरच्या ऑक्टोबरात माझं सोयाबीन निघालं. बंडी काटीपाशी थांबली. गड्यांनी पोती डोक्यावर घेऊन धुऱ्याधुऱ्यानं वाहिली. आदल्या रात्रीचा पाऊस, काळी माती, पाय पोटरीपर्यंत रुतत होते. एक पोतं फाटलं आणि दाणे चिखलात सांडले. माझी म्हातारी आई ते वेचायला खाली बसली. लग्न होऊन ती गावात आली ती याच पांदणीतून, बंडीत बसून. तिनं तुम्हाला शिव्या दिल्या नाहीत. फक्त म्हणाली, "इथं वाट होती ना रे?" भाऊ, या प्रश्नाचं उत्तर तुम्ही तिला द्यायचं आहे.

कागद दाखवा म्हणता? गाव नकाशावर ती पांदण तुटक रेघांनी काढलेली आहे. आपल्या विदर्भातल्या गावांना वाजिब-उल-अर्ज, म्हणजे गावच्या रूढ हक्कांची नोंद, आहे. 1966 च्या जमीन महसूल संहितेचं 165 वं कलम जाण्यायेण्याच्या रूढ हक्काची नोंद त्यात करायला सांगतं. वाटेतला अडथळा काढायला लावण्याचा अधिकार 1906 च्या मामलेदार न्यायालय अधिनियमानं तहसीलदाराला दिला आहे. महसुलाच्या दप्तरात आपण जो शब्द रोज वापरतो तोच पाहा: वहिवाट. त्या शब्दाच्या पोटातही वाटच आहे.

आपण वर्धा जिल्ह्यात राहतो. मार्च 1951 मध्ये विनोबा इथून हैदराबादजवळच्या शिवरामपल्लीला पायी निघाले. पुढे 18 एप्रिलला पोचमपल्लीत भूमिहीनांसाठी 100 एकरांचं पहिलं दान मिळालं. ज्या मातीतून एक माणूस परक्यांसाठी जमीन मागत चालत गेला, त्याच मातीत तुम्ही शेजाऱ्यांच्या पायांखालची जमीन ओढून घेतलीत. याची लाज वाटायला हवी.

मला तुमच्याशी भांडण लांबवायचं नाही. 'होडॉस'ला ग्रीकमध्ये 'सोबत' या अर्थाचा उपसर्ग जोडला की 'सिनोड' होतो. चर्चच्या सभेचं ते नाव, मूळ अर्थ सोबतीनं चालणं. मृग लागायच्या आत एका सकाळी या. नकाशा, दोरी आणि कुऱ्हाड मी आणतो. काटी दोघं मिळून काढू. मग माझ्या आईला बंडीत बसवू आणि वावरापर्यंत सोबत चालत जाऊ. वाट पुन्हा मळायला तिथूनच सुरुवात होईल.

तुमचा धुऱ्याचा शेजारी