पाच आकडी रस्ता

फिनलंडच्या लोकांनी आपली तळी मोजून ठेवली आहेत. १,८७,८८८. पाचशे चौरस मीटरपेक्षा मोठं असेल तरच ते तळं, त्याहून लहान असेल ते डबकं, असा तिथला हिशेब. हाच निकष लावला तर जुलै महिन्यात आमच्या साताऱ्यातही दोन-चार तळी सहज निघतील, पण त्यांची नोंद आपल्याकडे रस्ते म्हणून असते.

माझा मेहुणा फिनलंडमधल्या एस्पोला सॉफ्टवेअरमध्ये आहे. इतकी वर्षं तिथं राहून तो बराचसा फिनिश झालाय. फोनवर आपण गप्प बसलो की तोही गप्प बसतो आणि त्याला काही वाटत नाही.

"दाजी, सायकल चालवायला या. सायमाकडं जाऊ. ट्रॅफिक नाही."

"अजिबात नाही?"

बराच वेळ काही ऐकू आलं नाही. फोन कट झाला असं समजून मी ठेवणार, तेवढ्यात उत्तर आलं, "लाकडाचा ट्रक येतो कधीतरी."

सायमा हे फिनलंडचं सगळ्यात मोठं तळं. क्षेत्रफळ सुमारे ४,४०० चौरस किलोमीटर, बेटं चौदा हजारांच्या आसपास. पण खरी गंमत त्याच्या काठात आहे. महाराष्ट्राचा समुद्रकिनारा ७२० किलोमीटर, असं आपण शाळेत पाठ केलं. या एका तळ्याचा काठ, बेटांसकट, जवळजवळ १५,००० किलोमीटर भरतो. हिमयुगातल्या बर्फाने ही जमीन अशी काही ओरबाडली आहे की पाणी कुठून कुठे घुसलंय ते नकाशात बोट फिरवूनही कळत नाही. सायकलवाल्याच्या दृष्टीने याचा अर्थ एवढाच, की समोरच्या काठावरचं कॅफे डोळ्यांना दिसतं, त्याची छत्रीसुद्धा दिसते, आणि तिथं पोहोचायला दुपार जाते.

शांत रस्ता हुडकायची युक्ती मात्र सोपी आहे, आणि ती पाटीवरच लिहिलेली असते. फिनलंडमध्ये रस्त्यांना आकडे आहेत. एक-दोन अंकी आकडा म्हणजे मोठे हमरस्ते. तीन अंकी मधले. चार अंकी असेल तर गावाला गाव जोडणारा. आणि पाच अंकी असेल तर त्या रस्त्यावर तुम्ही, तुमची सायकल आणि सरकारी खात्यात कुणीतरी कधीतरी त्याला आकडा दिला होता याची पाटी. आकडा जितका मोठा तितका रस्ता बारीक. आयुष्यभर पाच आकडी पगारासाठी धडपडलेल्या माणसाला पाच आकडी रस्त्याचं मोल लगेच कळतं. फरक इतकाच, की इथं बऱ्याचदा डांबर संपतं आणि खडी सुरू होते.

आम्ही पुमालापासून निघालो. पुमाला नगरपालिकेच्या हद्दीत माणसं दोन हजारांच्या थोडी वर आणि तळ्याचा काठ तीन हजार किलोमीटरांहून जास्त. म्हणजे तान्ह्या मुलांसकट प्रत्येकाच्या वाट्याला किलोमीटरभर किनारा येतो. गावात सामुद्रधुनीवर १९९५ साली बांधलेला उंच पूल आहे. खालून जहाजं जावीत म्हणून तो इतका उंच केला, आणि मग बंदरावरून पुलावर चढायला लिफ्ट बसवली. पुलाला लिफ्ट! आमच्या सोसायटीत लिफ्टच्या देखभालीवरून आठ सभा झाल्या, हे मी मेहुण्याला सांगितलं. त्याने पाण्याकडे पाहिलं.

पुमालाभोवती साठेक किलोमीटरचा द्वीपसमूहाचा फेरा आहे. जाहिरातीत तो निळाशार दिसतो. प्रत्यक्षात डाव्या हाताला पाइन, उजव्या हाताला पाइन, मध्ये थोडे बर्च, पुन्हा पाइन. तळं आहे, हाकेच्या अंतरावर आहे, पण झाडांच्या पलीकडे. किलोमीटरच्या किलोमीटर तुम्ही एका प्रचंड जलाशयाच्या कडेने जाता आणि तुम्हाला दिसतं ते लाकूड. मग एकदम एखादा बांध येतो, दोन्ही बाजूंना पाणी उघडतं, इतकं अचानक की माणूस पायडल मारायचं विसरतो. तीस सेकंदांनी पुन्हा पाइन.

पायडलवरून आठवलं. भाड्याने मिळालेल्या सायकलीला मागचा ब्रेक उलटं पायडल मारून लागायचा. उतारावर रिकामे पाय उलटे फिरवत जाणं हा आपल्याकडचा जन्मसिद्ध हक्क. इथं तो बजावला की सायकल जागच्या जागी थांबते आणि स्वार पुढचा प्रवास एकट्याने करू लागतो.

आणि उतार खूप. फिनलंड सपाट आहे असं म्हणणाऱ्याने ते विमानातून पाहिलेलं असतं. आमचा साताऱ्याचा यवतेश्वरचा घाट एकदा चढला की संपतो. इथं घाट नाही, पण वीस-तीस मीटरचे चढ एकामागून एक येत राहतात आणि कुठलाच चढ इतका मोठा नसतो की उतरून ढकलावं आणि अब्रू राखावी. चढावरच गोमाश्या गाठतात. त्यांना गडद रंगाची, गरम, हलणारी वस्तू आवडते. काळा टीशर्ट घालून धापा टाकणारा मी त्यांच्या सगळ्या अटींत बसत होतो. सपाटीवर मी त्यांच्यापुढे निघायचो, चढावर त्या माझ्यापुढे. मेहुण्याने पांढरा शर्ट घातला होता. हे त्याने मला आधी का सांगितलं नाही, असं विचारल्यावर म्हणाला, "तुम्ही विचारलं नाही."

माणसं कुठं राहतात हा प्रश्न दिवसभर पडतो. घर दिसत नाही. पण एखाद्या खडीच्या फाट्यावर पंधरा-वीस टपालपेट्या एका रांगेत उभ्या असतात. घरं झाडीत आत, एकमेकांपासून फटकून. पेट्या मात्र शेजारी-शेजारी, गर्दी करून. त्या गावात काही गप्पा होत असतील तर त्या पेट्यांमध्येच होत असाव्यात.

हे म्हणताना जपून म्हटलं पाहिजे, कारण हा सावो प्रांत, आणि सावोची माणसं फिनलंडभर बोलकी म्हणून प्रसिद्ध आहेत. त्यांच्याबद्दल असं सांगतात, की सावोचा माणूस बोलला की जबाबदारी ऐकणाऱ्यावर. सरळ 'हो' नाही, सरळ 'नाही' नाही. हा प्रांत मला नकाशात बघायच्या आधीपासून ओळखीचा वाटला. पुण्यात माझी आत्या राहते. हातिनविर्ताच्या फेरीबोटीवर मी सावोच्या या बोलण्याचा अनुभव घेतला. ही फेरीबोट पोलादी दोराला धरून अलीकडून पलीकडे जात होती. मी पाकीट काढलं. फेरीबोटवाल्याने मान हलवली. फेरीबोट हा रस्त्याचाच भाग समजतात, त्यामुळे पैसे नाहीत. पुढचा रस्ता चढाचा आहे का, असं मेहुण्यामार्फत विचारलं. तो विचार करून म्हणाला, की काही लोक तसं म्हणतात. पलीकडच्या काठावर उतरल्यावर समोर भिंतच उभी होती.

फुकट गोष्टींची सवय लवकर लागते. जुलैअखेरीस रस्त्याकडेचं जंगल जांभळ्या-निळ्या ब्लूबेरींनी भरलेलं असतं, आणि इथल्या जुन्या हक्कानुसार कुणाच्याही जंगलात शिरून बेरी आणि आळिंबी वेचता येते. फक्त अंगणात शिरायचं नाही. मी तरी मालकाला हाक मारली. शिस्त म्हणून. मेहुणा दचकला. म्हणाला, दाजी, इथं अशी हाक माणूस बुडतानाच मारतात.

पुढचा टप्पा सावोनलिना. तिथं १४७५ साली बांधायला घेतलेला किल्ला आहे, पाण्यात उभा, आणि १९१२ साली पहिल्यांदा झालेला ऑपेराचा महोत्सव आजही तिथंच भरतो. जुलैत त्यामुळे खोली मिळणं कठीण. तिथल्या बाजारचौकात ल्योर्त्सी नावाचा तळलेला पदार्थ मिळतो: चपटी करंजी, आत मांस किंवा सफरचंद. सफरचंदाच्या दोन घ्याव्यात. गाव मोठं आहे आणि गाड्या आहेत, एवढं पुरे.

खरा रस्ता पुढे पुंकाहार्यूला. हिमनदीच्या पोटातल्या पाण्याने आणून टाकलेल्या वाळू-खडीची सात किलोमीटर लांब, अरुंद धार. दोन्ही बाजूंना उतरणीखाली पाणी, माथ्यावरून जुना रस्ता. काही ठिकाणी ती इतकी निरुंद होते की डावीकडचं आणि उजवीकडचं तळं एकाच वेळी दिसतं. रशियाच्या झारांनाही ही जागा आवडली होती. निकोलस पहिल्याच्या हुकमाने १८४५ मध्ये इथं वनाधिकाऱ्याचं घर बांधलं गेलं, त्याचंच पुढे हॉटेल झालं. मोठ्या गाड्यांसाठी हमरस्ता वेगळा आहे. जुन्या रस्त्यावर मला एक म्हातारी भेटली, सायकलवर, पुढे बास्केट. तिने मला चढावर मागे टाकलं आणि त्याबद्दल एक शब्दही काढला नाही. इतकी सभ्यता मी आमच्या सायकल क्लबात पाहिलेली नाही.

तिथून केरिमाकी. १८४७ मध्ये पूर्ण झालेलं लाकडी चर्च, जगातलं सगळ्यात मोठं. तीन हजारांहून जास्त लोक बसू शकतात. लोककथा अशी, की नकाशा लहान मापात काढलेला होता आणि सुतारांनी तो मोठ्या मापात वाचला. जाणकार म्हणतात तसं काही नाही, मुद्दामच एवढं बांधलं. मला लोककथाच पटते, कारण तिच्यात निदान चूक मोठेपणाकडे झाली. आपल्याकडे नकाशात चारपदरी असतो आणि उद्घाटनाला दोनपदरी.

एक गोष्ट राहिली. सायमात एक खास जातीचा सील आहे, हिमयुगानंतर जमीन वर उचलली गेली तेव्हा समुद्रापासून तुटून इथं अडकलेला. आता पाचशेच्या आसपास आहेत. तो मला कपावर, मोज्यांवर, बसवर आणि बिअरच्या ग्लासवर दिसला. तळ्यात बघायचा असेल तर मे महिन्यात या, तेव्हा तो कात टाकायला खडकांवर येतो. त्या वेळी पाण्याच्या थंडीने तुम्हीही टाकाल.

ज्यांना जायचं आहे त्यांनी जूनअखेर ते ऑगस्टचा पहिला आठवडा एवढाच काळ धरावा. रात्री अकराला उजेड असतो, त्यामुळे रस्ता चुकलात तरी अंधार पडायच्या आत सापडता. ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात शाळा उघडतात, उन्हाळी कॅफेंना कुलपं लागतात, आणि जंगलात एक माशी निघते जी डोक्यावर बसून पंख गाळते आणि केसांत शिरते. शर्ट पांढरा घ्या. पाटीवर तीनपेक्षा कमी अंक दिसले तर सायकल वळवा. आणि बरोबर डबा न्या, कारण समोरच्या काठावर दिसणारं ते कॅफे पाचला बंद होतं.