हेमलकसा ते हॉट सीट

मे १९७३ मध्ये ‘जंजीर’ आला आणि अमिताभ बच्चन पडद्यावर चवताळले. त्याच डिसेंबरात भामरागडच्या जंगलात, हेमलकशाला, लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला. तिथे वीजच नव्हती, पडदा कसला!

बच्चन आणि हा प्रकल्प चालवणारं डॉक्टर आमटे दांपत्य यांची गाठ पडली २०१८ मध्ये, ‘कौन बनेगा करोडपती’त. आमटे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळून दहा वर्षं झाली होती. पण कित्येक दिवाणखान्यांत ते थोर ठरले, ते बच्चन यांनी समोर बसवल्यावर.

सूत्रसंचालकाची पुण्याई मोठी. काम पाहुण्यांचं, कौतुक यजमानाच्या नम्रतेचं. शिवाय उत्तरं समोरच्या संगणकावर! प्रकाश-मंदाकिनी आमटेंना मात्र ‘कुठे दुखतंय’ एवढं विचारायलाही आधी तिथल्या आदिवासींची माडिया भाषा शिकावी लागली. पर्याय चार नव्हते, आणि मित्राला फोन लावावा तर फोनच नव्हता.