‘चांगला’ असण्याचा धोका

सरकारी नोकरीत नुसतं ‘चांगला’ असणं किती महागात पडतं, याचा दाखला सर्वोच्च न्यायालयाच्या दप्तरी आहे. सीमा रस्ते सेवेतले कार्यकारी अभियंता देवदत्त यांना १९९३-९४च्या गोपनीय अहवालात ‘चांगला’ असा शेरा मिळाला. बढतीला मागच्या पाचही वर्षांत ‘अतिशय चांगला’ लागत होता. शेरा इतका गोपनीय, की त्यांनाही कळवला नव्हता, बढती हुकली. न्यायालयाने २००८ मध्ये निकाल दिला : शेरा कसाही असो, ज्याचा त्याला कळवा.

आता शेरा कळतो. तो मिळवावा कसा, हे निकालात नाही. ते शेजारच्या टेबलावर शिकावं. तिथले भाऊसाहेब कधीच ‘फाइली पुढे ढकलल्या’ असं लिहीत नाहीत. ‘प्रलंबित प्रकरणांचा कालबद्ध निपटारा केला’ असं लिहितात. वर्षभर निवांत असतात, फेब्रुवारी लागला की साहेबांच्या केबिनसमोरून फाइल काखेत मारून लगबगीने जातात. (फाइल कोणतीही चालते.) खरं काम करणारा तेव्हा रेकॉर्ड रूममध्ये धूळ खात असतो, म्हणजे साहेबांना दिसतच नाही.

अहवालाचं वर्ष ३१ मार्चला संपतं. तेव्हा काम राहू द्या, आधी केबिनसमोरून एक चक्कर मारून या.