घरगुती कारणास्तव

कचेरी सरकारी असो वा खासगी, रजेच्या मराठी अर्जात एक कारण पिढ्यान्‌पिढ्या टिकून आहे : ‘घरगुती कारणास्तव’. त्यातून साहेबांना काही कळत नाही, आणि कळावं अशी त्यांचीही इच्छा नसते. अर्जात कारण असलं की झालं. कार्यक्रम ‘अपरिहार्य कारणास्तव’ रद्द होतात, गाड्या ‘तांत्रिक कारणास्तव’ रखडतात, आणि राज्य चालू राहतं. तेव्हा माणसाला प्रत्येक गोष्ट करायला सबळ कारण लागतं, हे मला पटत नाही. कारण करणाऱ्याला लागत नाही. विचारणाऱ्याला लागतं, आणि त्यालाही बहुतेक वेळा कसलंही चालतं.

याला पुरावा आहे. मानसशास्त्रज्ञ एलेन लँगर आणि सहकाऱ्यांनी 1978 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, झेरॉक्स काढायला आलेल्यांना ‘माझी पाचच पानं आहेत, आधी काढू का?’ असं विचारलं, तेव्हा 60 टक्के लोक हो म्हणाले. ‘घाई आहे’ म्हटल्यावर 94 टक्के. आणि ‘कारण मला प्रती काढायच्या आहेत’ एवढंच म्हटल्यावर? 93 टक्के! आता झेरॉक्सच्या यंत्रापाशी कोणी भजी तळायला जात नाही. त्याच्या आदल्या वर्षी रिचर्ड निस्बेट आणि टिमथी विल्सन यांनी याहून अवघड जागेवर बोट ठेवलं होतं. त्यांनी हुबेहूब सारखे चार नायलॉनचे मोजे ओळीने मांडून, सगळ्यांत चांगला कोणता ते विचारलं. 40 टक्के लोकांनी अगदी उजवीकडचा निवडला, डावीकडच्या टोकाचा फक्त 12 टक्क्यांनी. हे मांडणीमुळे झालं असेल का, असं विचारल्यावर मात्र मंडळींनी साफ नकार दिला. ती खोटं बोलत नव्हती, हीच तर गंमत. निवड आधी झाली होती. कारण वरातीमागून घोडं यावं तसं आलं, पण इतक्या ऐटीत, की त्याच्याचसाठी वरात निघाली असं वाटावं. मध्यरात्री धापा टाकत राजगड चढणारा ‘व्यायाम’ म्हणतो, ते याच जातीचं. व्यायाम तर जिन्यावरही होतो.

‘मग उद्या कोणीही उठून काहीही करेल,’ असं म्हणणारे आहेत. त्यांनी लँगरबाईंचा प्रयोग पुढे वाचावा. पाचाऐवजी वीस पानं म्हटल्यावर पोकळ कारणाची जादू संपली : ते देऊनही 24 टक्के, न देताही 24. खरं कारण दिल्यावर 42. दुसऱ्याला तिष्ठत ठेवायचं असेल तर कारणाला वजन हवं, हे लोकांना न शिकवता कळतं. राहिला विवेकाचा प्रश्न. विवेक परिणामांचा करावा; गडावर जाणाऱ्याने पाणी आणि विजेरी घेतली की तो पुरेसा झाला.

हा फरक आपल्या कायद्यालाही कळलेला आहे. 2005 च्या माहिती अधिकार कायद्यात कलम 6 सांगतं की माहिती मागणाऱ्याला ‘का हवी’ हे विचारता येणार नाही. कलम 4 सांगतं की प्रशासनाने आपल्या निर्णयांची कारणं त्यांची झळ बसणाऱ्यांना द्यावीत. ज्याच्या हाती दुसऱ्याचं काम अडवण्याची ताकद, कारणांचा बोजा त्याच्या डोक्यावर. हा कायदा फक्त सार्वजनिक कार्यालयांना लागू आहे. घरात आधीच तीन छत्र्या असताना चौथी का आणली, या चौकशीपुढे कलम 6 दाखवून उपयोग नाही. तिथे ‘घरगुती कारणास्तव’सुद्धा चालत नाही.