ऐतिहासिक वन बीएचके

कुलूप उघडता उघडता एजंटाने आवाज खाली आणला. "ताई, एक सांगून ठेवतो. इथे आर्टिस्ट राहून गेलाय. मोठा."

मिरा रोडला घर शोधणाऱ्याला हे वाक्य नवं नाही. घोडबंदर रस्त्याच्या अंगाला मालिकांचे सेट आहेत, त्यामुळे सासवा, दीर, इन्स्पेक्टर आणि ऐन वेळी रिपोर्ट घेऊन येणारे डॉक्टर यांची वस्ती आमच्याकडे दाट. सकाळी फुकटच्या कोथिंबिरीवरून भाजीवाल्याशी हुज्जत घालणारी बाई रात्री कुणाच्या तरी दुधात विष कालवताना दिसते. आपण ओळखीचं हसतो, ती टीव्हीतून हसत नाही, एवढंच. तेव्हा इथल्या रिकाम्या फ्लॅटमध्ये कोणी ना कोणी कलाकार राहून गेलेला असतोच, आणि एजंट त्याचे चौरस फुटामागे वेगळे पैसे लावतो.

"आणि पाण्याचं?" मी विचारलं. मिरा रोडला हा प्रश्न रक्तगटाच्या आधी विचारतात.

"पाण्याचं टेन्शनच नाही, ताई. घरात पाणीच पाणी."

तळमजला, वन बीएचके, इमारत 1991 ची. आमची महानगरपालिका 28 फेब्रुवारी 2002 ची, म्हणजे इमारत तिच्याहून अकरा वर्षांनी वडील. मिरा रोडच्या हिशेबात हा प्राचीन काळ झाला. घोडबंदरचा किल्ला सोडला तर आमच्याकडे याहून जुनं काही फारसं दाखवता येत नाही. जिथे आता सेक्टर आहेत तिथे बरीचशी मिठागरं आणि खाजण होतं. लंडनमध्ये अशा घरांवर निळी गोल पाटी लावतात. आमच्या इमारतीवर पाटी आहे, 'फेरीवाल्यांना सक्त मनाई'.

कलाकाराचं नाव सगळ्यांना ठाऊक होतं. त्यांनी कशात काम केलं, यावर मात्र एकमत होईना. पहिल्या मजल्यावरच्या आजी म्हणाल्या, "नाटकात होते. फार हसवायचे." वॉचमन म्हणाला, व्हिलन. समोरच्या वहिनींनी त्यांना एका तेलाच्या जाहिरातीत पाहिलं होतं. सेक्रेटरी बराच वेळ आठवत राहिले आणि म्हणाले, "मेंटेनन्स वेळेवर भरायचे." सोसायटीच्या तोंडून याहून मोठा पुरस्कार निघत नाही.

घर ताब्यात आलं तेव्हा आत मोझेकची फरशी, कडप्प्याचा ओटा आणि बाहेरच्या खोलीत भिंतभर आरसा. आरशासमोरच्या दोन फरश्यांची चकाकी गेलेली. त्या दोनच. मी तिथे उभी राहून पाहिलं; पावलं बरोब्बर बसली. नवरा म्हणाला, "आरसा ठेवू या." मी म्हटलं, एवढ्या आरशात रोज पूर्ण दिसणं मला परवडणारं नाही.

मग इंटिरियर डिझायनर आला. कोवळा मुलगा. मे महिन्याच्या उकाड्यात पूर्ण बाह्यांचं काळं जॅकेट आणि हातात टॅब. अर्धा तास तो भिंतींशी बोलावं तसं बोलत होता. फ्लो, मूड, एस्थेटिक, जागेला श्वास घेऊ द्या वगैरे. आम्हांला चपलांचं कपाट हवं होतं.

मला किशोरकुमार आठवले. 1985 साली 'इलस्ट्रेटेड वीकली'साठी प्रीतीश नंदी यांनी त्यांची मुलाखत घेतली, तिच्यात त्यांनी आपल्याकडे आलेल्या अशाच एका सजावटकाराची गोष्ट सांगितली आहे. भर उन्हाळ्यात लोकरी थ्री-पीस सूट घालून आलेले ते गृहस्थ सौंदर्यदृष्टीवर अर्धा तास बोलले. यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि आपली साधीशी गरज सांगितली: दिवाणखान्यात काही फूट पाणी भरा. सोफ्याऐवजी होड्या सोडा. मधलं टेबल नांगर टाकून घट्ट बसवा, म्हणजे चहाची भांडी त्यावर राहतील आणि ज्याला घोट घ्यायचा तो वल्हवत येईल. भिंतीवर चित्रांऐवजी जिवंत कावळे टांगा. पंखे नकोत, छताला माकडं लावा, वारा ती आपापल्या परीने सोडतील. गृहस्थ मागे मागे सरकत गेले आणि शेवटी फाटकातून असे सुटले की लोकल मागे पडावी.

ही मागणी वेडेपणाची नव्हती, असं मला हल्ली वाटतं. सगळी तजवीज माणसं घरात येऊ नयेत यासाठी होती. दिवसभर लोकांपुढे उभ्या राहणाऱ्याला घरी प्रेक्षक नको असतात. वॉर्डन रोडच्या फ्लॅटवर त्यांनी 'किशोरपासून सावध' अशी पाटी लावली होती. पैसे द्यायला आलेल्या एका निर्मात्याच्या हाताला ते कडकडून चावले आणि वर 'पाटी वाचली नाहीत का?' असं विचारलं, असा किस्सा अजून सांगतात. बोलायला त्यांना बागेतली झाडं पुरायची. जनार्दन, रघुनंदन, बुद्धूराम अशी त्यांची नावंही ठेवली होती. 1987 च्या 'गंमत जंमत'साठी आपल्या मराठीत गायले आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात गेले. जुहूच्या त्यांच्या 'गौरी कुंज'च्या एका भागात 2022 मध्ये विराट कोहलीचं रेस्टॉरंट सुरू झालं. जो माणूस पाहुणे टाळायला कावळे टांगणार होता, त्याच्या घरी आता टेबल बुक करून जाता येतं.

लंडनवाले याच्या उलट टोकाचे. जिमी हेंड्रिक्स 1968-69 मध्ये ब्रुक स्ट्रीटवर वरच्या मजल्यावर जेमतेम वर्षभर राहिला. 2016 मध्ये ती खोली त्याच्या वेळी होती तशी करून लोकांना खुली केली. पलंग, गालिचे, पडदे, सगळं जुने फोटो बघून जमवलेलं. लगतच्याच घरात हँडेल 36 वर्षं राहिला. गिटारवाला आणि ऑपेरावाला, मध्ये फक्त एक भिंत आणि दोनशे वर्षं. आमच्या सोसायटीत असते तर ड्रिलिंगच्या आवाजावरून दोघांनीही सेक्रेटरींना पत्रं लिहिली असती.

आमच्याकडे जतन करणारं कोणी नव्हतं. काम सुरू झालं. दुपारी दोन ते चार आवाज बंद, डेब्रिज गोण्यांतून न्यायचं, लॉबीला डाग पडला तर डिपॉझिट विसरा. मोझेक फुटताना आतून पांढऱ्या, काळ्या, तपकिरी चिपा सांडायच्या. फुटताना फरशी फारच सुंदर दिसली, तीस वर्षं कोणी तिच्याकडे पाहिलंही नसेल. आरशासमोरच्या दोन फरश्या तेवढ्या मी अख्ख्या काढून घ्यायला सांगितल्या. मिस्त्री म्हणाला, "मॅडम, घासलेल्या आहेत, चांगल्या घ्या की."

मग दारं. रंगारी पॉलिश पेपर मारत होता आणि मी मागे चहा घेऊन उभी होते. बेडरूमचं दार उघडलं की चौकटीची जी बाजू दडते, तिथे तो थांबला. "इथे काही लिहिलंय."

पेन्सिलीने मारलेली आडवी रेघ, जमिनीपासून दोन फूट चार इंचांवर. टेप लावून मोजलं. रेघेवर सुबक, तिरक्या अक्षरात: 'शुभारंभाचा प्रयोग, 26 जुलै 2005'.

त्या दिवशी सांताक्रूझला 944 मिलिमीटर पाऊस झाला होता. आमचा भाग मुळात खाडीकाठचा आणि सखल, त्यात हा तळमजला. घरात पाणीच पाणी. एजंट खोटं बोलला नव्हता.

रेघेच्या वीतभर खाली दुसरी रेघ: 'प्रयोग क्र. 2, 29 ऑगस्ट 2017'. शेजारी बारीक अक्षरात: 'प्रतिसाद कमी'.

आजींचं बरोबर होतं. माणूस नाटकातलाच.

रात्री घरभर गुडघ्याच्या वर पाणी, वीज गेलेली, गाद्या माळ्यावर, फ्रिज आडवा. ते ओसरल्यावर या गृहस्थांनी आधी पेन्सिल शोधली असणार. चिखल नंतर काढला असेल. किशोरकुमारांना न मिळालेला दिवाणखाना यांना दोनदा मिळाला, तोही सजावटकाराची फी न देता.

"लांबी भरू?" रंगाऱ्याने विचारलं.

"एवढा तुकडा सोड."

"पॅच दिसेल."

"दाराआड आहे."

डिझायनरला मी बोलावून रेघ दाखवली. तो वाकला, वाचलं, जॅकेट काढून खांद्यावर टाकलं आणि पहिल्यांदाच फ्लो हा शब्द न वापरता बोलला, "मॅडम, प्लग पॉइंट वर घेऊ या." इलेक्ट्रिशियनने आधी फुटावर झिरी मारून ठेवली होती; त्याने कुरकुरत तीन फुटांवर नवी मारली. प्लायवुडचं चपलांचं कपाट रद्द झालं. त्या जागी नवऱ्याने भाईंदरहून स्टीलची उंच मांडणी आणली, पाय विटांवर ठेवता येतील अशी.

काम संपलं तेव्हा जून लागला होता आणि आभाळ भरून आलं होतं. सुतार हत्यारं आवरत होता. त्याच्या कानामागची पेन्सिल मी मागून घेतली आणि चौकटीच्या वरच्या पट्टीवर ठेवून दिली.