फॉरमॅट मारून देतो जी!

वर्ध्यात संगणक आजारी पडला की त्याच्यावर उपचार होत नाहीत, त्याला फॉरमॅट मारला जातो. बजाज चौक असो की आर्वी नाका, निदान एकच आणि औषधही एकच. 14 ऑक्टोबर 2025 रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज दहाचा पाठिंबा काढून घेतला, तेव्हा तर या औषधाची चिठ्ठी थेट अमेरिकेतूनच आली. राजकारणात पाठिंबा काढला की सरकार पडते. इथे दुसऱ्या दिवशीही संगणक मुकाट सुरू झाला. फक्त त्याच्या सुरक्षेची जबाबदारी आपणहून घ्यायला कोणी उरले नाही. म्हणजे पडण्यापेक्षा वाईट.

मग विंडोज अकरा टाकायचे ठरते. तिला टीपीएम 2.0 नावाचे सुरक्षेचे मॉड्यूल लागते आणि इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा. आपल्याकडे पिढ्या मोजतात त्या शेतीच्या सातबाऱ्यावर. प्रोसेसरची पिढी विचारणारा पाहुणा पहिल्यांदाच दारात आला. तो दारात असतानाच दुकानात हा संवाद होतो:

‘‘डेटा राहीन ना जी?’’

‘‘डी मधला राहते. सी मधला जाते.’’

‘‘अन् माह्या सेटिंग्ज?’’

‘‘त्या काय, दोन मिनिटाचं काम आहे.’’

या दोन मिनिटांत काय काय मावते ते पाहण्यासारखे आहे. तहसील कचेरीच्या आसपास अर्ज आणि प्रतिज्ञापत्रे टाइप करून देणाऱ्या कोणाचाही संगणक घ्या. या माणसाची बोटे टंकलेखन संस्थेत रेमिंग्टनवर घडलेली. विंडोज सोबत आणते तो मराठी कळफलक इनस्क्रिप्ट. 2019 साली त्याच्या जोडीला फोनेटिक आला. रेमिंग्टन बाहेरून आणून बसवावा लागतो. फॉरमॅटनंतरच्या सकाळी बोट सवयीने जिथे पडायचे तिथेच पडते आणि पडद्यावर भलतेच अक्षर उमटते. कृतिदेवमधली जुनी फाइल उघडावी तर फाँट गेलेला, म्हणून अर्जदाराच्या नावासकट सगळा इंग्रजी अक्षरांचा चिवडा. युनिकोडवाल्यांनी यावर हसू नये. सरकारी पत्रांचा कुलस्वामी जो मंगल फाँट, तोही विंडोज दहापासून मूळ संचात नाही; देवनागरीची पुरवणी म्हणून तो वेगळा मागवावा लागतो. तोवर निर्मला नावाचा फाँट त्याची गादी चालवतो. एका पानात चपखल बसवलेले प्रतिज्ञापत्र निर्मलाच्या हाती गेले की सही तेवढी दुसऱ्या पानावर जाऊन बसण्याची धास्ती.

खरी इस्टेट मात्र आणखी आत असते. वर्षानुवर्षे या माणसाने वर्डला शिकवून ठेवलेले असते की दोन अक्षरे मारली की ‘सत्यप्रतिज्ञेवर लिहून देतो की’ एवढे सगळे आपोआप उमटावे. ही शिकवणी ज्या फाइलीत साठते तिचे नाव एमएसओ1102.एसीएल. त्यातला 1102 म्हणजे मायक्रोसॉफ्टने मराठीला दिलेला क्रमांक. अभिजात दर्जा मिळण्याच्या कितीतरी आधी मराठीला हा दर्जा मिळाला होता, पण त्याचा सत्कार कोणी केला नाही. फाइल राहते सी ड्राइव्हवरच्या ॲपडेटा नावाच्या फोल्डरात, आणि तो फोल्डर विंडोज मुळातच लपवून ठेवते. जे दिसत नाही त्याची कॉपी दुकानातला मुलगा तरी कशी घेणार?

बरे, लपवालपवी कमी म्हणून की काय, पत्ताही बदलत राहतो. एक्सपीत माणसाचा संसार ‘डॉक्युमेंट्स अँड सेटिंग्ज’ या फोल्डरात असे. व्हिस्टाने तो ‘यूजर्स’मध्ये हलवला आणि जुन्या घरावर जुनी पाटी तशीच ठेवली. दार उघडू गेले की उत्तर येते: प्रवेश नाकारला. कार्यालयांच्या नेटवर्कवर तर आणखी गंमत. माणूस कोणत्याही टेबलावर बसला तरी त्याच्या सेटिंग्ज त्याच्यामागे याव्यात, यासाठी रोमिंग प्रोफाइल. पण व्हिस्टा आणि सातमध्ये तिला ‘व्ही2’ हे शेपूट लागले, आठमध्ये ‘व्ही3’, 8.1 मध्ये ‘व्ही4’, दहामध्ये ‘व्ही5’, आणि त्याच दहाच्या 2016 च्या आवृत्तीपासून ‘व्ही6’. कारकून एक, कपाटे सहा, आणि एका कपाटाची किल्ली दुसऱ्याला लागत नाही.

‘सी मध्ये काही ठेवू नका, डी मध्ये ठेवा’ हा तर आपल्या दुकानांचा महामंत्र. ऑक्टोबर 2018 मध्ये मायक्रोसॉफ्टने विंडोज दहाची नवी आवृत्ती सोडली आणि चार दिवसांत थांबवली. ज्यांनी डॉक्युमेंट्सचा फोल्डर दुसऱ्या जागी वळवला होता, पण काही फाइली मूळ जागीच राहू दिल्या होत्या, त्यांचा तो मूळ फोल्डर या आवृत्तीने रिकामा समजून फाइलींसकट उडवला. शहाणपण अर्धवट अमलात आणण्याची शिक्षा इतकी चोख एरवी मिळत नाही.

पाठिंबा काढण्याआधीच कंपनीला थोडी उपरतीही झाली होती. विंडोज दहावरच राहणाऱ्या घरगुती ग्राहकांना 13 ऑक्टोबर 2026 पर्यंत सुरक्षा देऊ केली; त्यासाठी 30 डॉलर भरा, नाहीतर तुमच्या सेटिंग्ज आमच्या क्लाउडवर ठेवा, मग फुकट. ज्या सेटिंग्ज इतकी वर्षे कोणी विचारल्या नाहीत, त्या अचानक तारण म्हणून चालू लागल्या. युरोपातल्या ग्राहक संघटनेने हरकत घेतल्यावर तिथली ही अट काढली गेली. वर्धा युरोपात नाही. शिवाय क्लाउडवरच्या या बॅकअपमध्ये बाहेरून घेतलेले प्रोग्रॅम येत नाहीत, येते ती त्यांची यादी. घर जळाल्यावर भांड्यांची यादी हातात पडावी, तसे.

संगणकाचे सोडा, जिल्ह्याची स्वतःची आवृत्तीही दोनदा बदलली. 1 नोव्हेंबर 1956 रोजी वर्धा मध्य प्रदेशातून द्वैभाषिक मुंबई राज्यात आला आणि 1 मे 1960 रोजी महाराष्ट्रात. कागदावर तलाठी आला. देवळी-सेलूच्या शेतकऱ्याच्या तोंडी अजून ‘पटवारी’च आहे. घरभाड्याचा 1949 चा मध्य प्रांत-वऱ्हाडचा आदेश तर विदर्भात 31 मार्च 2000 पर्यंत चालला. सरकार नावाची यंत्रणा संथ म्हणून बदनाम. पण जुन्या सेटिंग्ज 40 वर्षे जपण्याचे काम तिने मायक्रोसॉफ्टपेक्षा बरे केले. अपवाद एकच. विदर्भाला दिलेल्या आश्वासनांचा 28 सप्टेंबर 1953 चा नागपूर करार कॉपी झाला, फाइलही दिसते, पण दर हिवाळी अधिवेशनात उघडायला घेतली की ती हँग होते.

लिनक्सवाले म्हणतील, आमच्याकडे ‘होम’ वेगळ्या पार्टिशनवर ठेवा, यंत्रणा कितीदा बदला, माणसाच्या सवयी शाबूत. म्हणणे बरेचसे खरे आहे. पण वर्ध्यात फॉरमॅट मारणाऱ्याला लिनक्स सांगितले की तो चहा मागवतो आणि विषय बदलतो.

तेव्हा संगणक दुकानात नेण्याआधी ती 1102 वाली फाइल, स्वतः टाकलेले फाँट आणि ब्राउझरचे बुकमार्क पेनड्राइव्हवर घ्या. डिजिटल सहीच्या डोंगलचा ड्रायव्हर कुठून आणला होता, तेही वहीत लिहून ठेवा. दुकानातला मुलगा म्हणेल, ‘‘त्याची काई गरज नाही जी.’’ म्हणू द्या.